आपत्ती सरते, झोपेतला पहारा सरत नाही

28 जुलै 1976 च्या पहाटे 3 वाजून 42 मिनिटांनी चीनमधल्या तांगशान शहराखालची जमीन हलली. शहर झोपेत होतं. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे 2 लाख 42 हजार माणसं गेली. 17 ऑगस्ट 1999 चा तुर्कस्तानातल्या इझ्मितचा भूकंप पहाटे 3 वाजून 2 मिनिटांचा, 6 एप्रिल 2009 चा इटलीतल्या लाक्विलाचा 3 वाजून 32 मिनिटांचा. भूकंपाला घड्याळ कळत नाही, तो भर दुपारीही होतो. पण साखरझोपेत असलेल्या ज्या सहा-सात वर्षांच्या मुलाला कुणीतरी बखोटीला धरून बाहेर ओढलं, त्याच्या मनात एक हिशेब पक्का बसतो: मी झोपलो होतो, तेव्हा हे घडलं.

झोपल्यामुळे भूकंप होत नाही, हे मोठ्या माणसाला सांगावं लागत नाही. लहान मुलाला कारण आणि योगायोग यांतला फरक तेवढा स्पष्ट नसतो. म्हणून झोप म्हणजे विश्रांती हा अर्थ मागे पडतो आणि झोप म्हणजे बेसावध राहणं हा नवा अर्थ तिथे चिकटतो. पुढे घर बदलतं, माणसं बदलतात, वय वाढतं, पण हा चिकटलेला अर्थ सहजासहजी निघत नाही.

समजा, अशीच एक मुलगी आज चाळिशीची बाई आहे. पलंगाशेजारी तिच्या चपला असतात, टाचा पलंगाकडे आणि पुढची टोकं दाराकडे, म्हणजे अंधारात पाय टाकला की थेट चपलेत. उशीखाली टॉर्च. खोलीचं दार लोटलेलं, कडी कधीच घातलेली नाही. झोपायची कूस ठरलेली, दार दिसेल अशी. रात्री रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली, की ती उठून बसलेली असते. जाग नंतर येते, शरीर आधी उठतं. पहाटे तीनच्या सुमारास रोज टक्क जागी. तिला झोपेबद्दल विचारा, ती म्हणेल, “माझी झोप पहिल्यापासूनच सावध आहे.” तक्रारीच्या सुरात नाही, स्वभाव सांगावा तसं.

‘पहिल्यापासून’ हा शब्द फार फसवा आहे. पहिल्यापासून असलेली गोष्ट कुणी आजार मानत नाही, त्यामुळे तिच्यावर उपायही शोधत नाही.

झोप ही परवानगी आहे

झोपेबद्दल आपली एक साधी समजूत असते: थकलं की येते. थकवा लागतोच, पण तेवढा पुरत नाही. झोप येण्यासाठी मेंदूने ‘आत्ता धोका नाही’ असा निर्वाळा द्यावा लागतो. झोपलेला प्राणी नीट ऐकत नाही, पळत नाही, लढत नाही. त्यामुळे हा निर्वाळा देण्याच्या बाबतीत मेंदू अतिशय कंजूष असतो. परक्या ठिकाणी पहिल्या रात्री झोप चाळवते ती याच कारणाने.

हा निर्वाळा द्यायचा की नाही, यात बदामाच्या आकाराच्या एका छोट्या भागाचं म्हणणं मोठं असतं. त्याचं नाव अमिग्डला. धोक्याची चाहूल घेणं हे त्याचं काम. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग त्याला आवर घालतो, ‘अरे, ट्रक आहे, शांत हो’ असं सांगतो. हा पुढचा भाग विशी ओलांडल्यावरसुद्धा काही वर्षं घडतच असतो. सात वर्षांच्या मुलाकडे भोंगा पूर्ण आवाजाचा असतो आणि तो बंद करणारा हात अजून कच्चा. त्या वयात मोठा आघात झाला, की भोंग्याची कळ हलक्या धक्क्यालाही दबेल अशी होऊन बसण्याची भीती असते.

इथे एक गोष्ट मला वाचताना अनपेक्षित वाटली. ताण म्हटलं की कॉर्टिसॉल वाढलेलं असणार, असं आपण धरून चालतो. सकाळी जास्त आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी, ही या संप्रेरकाची रोजची लय. पण आघातानंतर वर्षानुवर्षं त्रास सोसणाऱ्या लोकांत अनेक अभ्यासांना कॉर्टिसॉल वाढलेलं नव्हे, तर नेहमीपेक्षा कमी सापडलं. आघातावर संशोधन करणाऱ्या रेचल यहुदा यांचं काम या बाबतीत प्रसिद्ध आहे. सगळ्या अभ्यासांचा सूर एकच नाही, पण ढोबळ अर्थ असा लागतो: कॉर्टिसॉलचं एक काम ताणाची प्रतिक्रिया वेळेवर थांबवणं हेही आहे. ते अपुरं पडलं, की सुरू झालेली धावपळ लवकर थांबत नाही.

आता मुख्य भाग, आणि इथे जरा रेंगाळायला हवं.

रात्रीची झोप एकसंध नसते. साधारण 90 मिनिटांची एकेक फेरी, अशा चार-पाच फेऱ्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत गाढ झोप जास्त, पहाटेकडच्या फेऱ्यांत रेम झोप जास्त. रेम म्हणजे जिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भरभर फिरतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात ती झोप. मेंदूच्या देठात एक बारीकसा निळसर ठिपका आहे. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थच ‘निळी जागा’. नॉरॲड्रेनालिन हे सावध करणारं रसायन मेंदूभर तिथून पसरतं. निरोगी माणसात रेम झोपेत हा ठिपका जवळजवळ गप्प होतो. दिवसभरात तो एवढा शांत दुसऱ्या कुठल्याच वेळी नसतो.

या शांततेचा उपयोग काय, यावर संशोधकांनी एक कल्पना मांडली आहे. रेममध्ये मेंदू भावनेने भिजलेल्या आठवणी पुन्हा वर काढतो, पण सावध करणारं रसायन त्या वेळी नसल्यामुळे त्या आठवणी हाताळताना पोळत नाही. घडलं ते लक्षात राहतं, चटका हळूहळू निवतो. ‘झोप काढ, सकाळी बरं वाटेल’ असं सगळ्या आया का सांगतात, त्याचं हे एक संभाव्य स्पष्टीकरण. आघात झालेल्या पुष्कळ लोकांत मात्र हे रसायन रात्रीही चढं राहत असल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. आठवण वर येते, चटका तसाच असतो, माणूस दचकून उठतो. काम अर्धवट राहतं आणि पुढच्या रात्री तीच आठवण पुन्हा वर येते.

भीती जाते कशी, हेही यातच गुंतलेलं आहे. जुनी भीती मेंदू खोडत नाही, तिच्या बाजूला नवा धडा लिहितो: ‘काच थरथरली, पण छत पडलं नाही.’ असे शंभर धडे जमले की जुना धडा मागे सरतो. हे नवे धडे दिवसा मिळतात आणि पक्के होतात रात्री, झोपेत. त्यात रेम झोपेचा वाटा मोठा मानला जातो. जिची पहाटेची झोपच तुटते, तिचे नेमके हे धडे कच्चे राहतात. म्हणजे भीतीमुळे झोप मोडते आणि झोप मोडल्यामुळे भीती टिकते. आपल्या या चाळिशीच्या बाईला रोज रात्री ‘काही झालं नाही’ हा अनुभव येतोय, गेली तीस-पस्तीस वर्षं येतोय, पण तो तिच्या खात्यावर जमा होत नाही. त्यात तिच्या चपलांचाही हात आहे. काही झालं नाही याचं श्रेय मेंदू चपलांना देऊन टाकतो: तयारीत होतो म्हणून निभावलं.

मुलं सांगत नाहीत, दाखवतात

मुलाला ‘मला अस्वस्थ वाटतंय’ असं म्हणता येत नाही. चार वर्षांपूर्वी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, एकटं झोपायला नकार येतो, झोपायच्या वेळी पोट दुखतं, आई स्वच्छतागृहात गेली तरी दाराबाहेर रडारड. खेळातही ते उतरतं: ठोकळ्यांचं घर बांधायचं आणि पाडायचं, पुन्हा बांधायचं आणि पाडायचं, आणि या खेळात मजा दिसत नाही. 1976 मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या चाउचिला इथे शाळेच्या बसमधल्या 26 मुलांचं अपहरण होऊन त्यांना एका खाणीत जमिनीखाली डांबण्यात आलं. सगळी जिवंत बाहेर आली. लेनोर टेर या बालमानसोपचारतज्ज्ञ त्या मुलांना वर्षानुवर्षं भेटत राहिल्या. हा असाच आनंद नसलेला, एका जागी अडकलेला खेळ त्यांना दिसला, परत परत पडणारी स्वप्नं दिसली, आणि आपण मोठे होणारच नाही अशी काही मुलांची खात्री दिसली. ही नैसर्गिक आपत्ती नव्हे, पण मुलांचा आघात नीट पाहायला शिकवणाऱ्या पहिल्या कामांपैकी हे आहे.

पालकांच्या उपयोगाची एक गोष्ट जाता जाता. रात्री किंचाळून उठणं दोन तऱ्हेचं असतं. भयाण स्वप्न बहुधा पहाटेकडे पडतं, मूल पूर्ण जागं होतं, आपल्याला ओळखतं, काय दिसलं ते सांगू शकतं. दुसऱ्या तऱ्हेत मूल रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात, गाढ झोपेतून ओरडत उठतं, डोळे उघडे पण नजर हरवलेली, आईलाही ओळखत नाही, आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. पहिल्या वेळी जवळ घ्यावं आणि बोलावं. दुसऱ्या वेळी उठवायची खटपट करू नये. लागणार नाही एवढं पाहावं आणि ओसरू द्यावं.

तर मग आयुष्यभराचा भोग?

नाही. आणि हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण बालपणीचा आघात म्हणजे उद्ध्वस्त आयुष्य, असं सांगणारा मजकूर उदंड झाला आहे. त्यात बहुतेक वेळा एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाचा दाखला असतो, 1998 पासून निष्कर्ष प्रसिद्ध होत गेलेल्या, एकूण 17 हजारांहून अधिक लोकांच्या. तो अभ्यास महत्त्वाचाच आहे, पण त्याने मोजले ते घरातले प्रतिकूल अनुभव: मारहाण, दुर्लक्ष, व्यसन, असं. भूकंप, पूर, वणवा त्याच्या यादीत नव्हतेच.

आपत्तीतल्या मुलांचा दीर्घ पाठपुरावा मोजक्या ठिकाणी झाला. वेल्समधल्या ॲबरफॅन गावात 21 ऑक्टोबर 1966 ला कोळसा खाणीच्या टाकाऊ मातीचा डोंगर शाळेवर घसरला. 144 माणसं गेली, त्यांतली 116 मुलं. 33 वर्षांनी त्या शाळेतून वाचलेल्या 41 जणांची तपासणी झाली, तेव्हा 29 टक्क्यांना पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा तणाव विकार होता. त्यांना धरून एकूण 46 टक्क्यांना तो दुर्घटनेनंतर कधी ना कधी झाला होता. तीन दशकांनंतरचा 29 टक्के हा आकडा जड आहे. पण त्याच अभ्यासात नैराश्य, चिंताविकार किंवा व्यसन यांचं प्रमाण तुलनेतल्या गटापेक्षा ठळकपणे जास्त आढळलं नाही, हे सहसा कुणी उद्धृत करत नाही.

दुसरी नोंद अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियामधल्या बफेलो क्रीकची. 26 फेब्रुवारी 1972 ला खाणीच्या गाळाचं धरण फुटलं, 125 माणसं गेली. दोन वर्षांनी तिथल्या 32 टक्के मुलांत पीटीएसडी होता. 17 वर्षांनी ती मुलं मोठी झाल्यावर तो 7 टक्क्यांवर आला होता. दोन्ही दुर्घटना खाणीच्या कचऱ्याने झालेल्या, सकाळच्या. मग एवढा फरक का? गट लहान, मोजायच्या पद्धती वेगळ्या, हे आहेच. पण माझ्या मते ॲबरफॅनच्या मुलांचं नुकसान जरा वेगळ्या जातीचं होतं. शेजारच्या बाकावरचा मित्रच गेला, वर्गच्या वर्ग गेले, आणि वाचलेल्यांना पुढचं सारं आयुष्य त्याच गावात, त्या मुलांच्या आईवडिलांच्या नजरेसमोर काढायचं होतं.

घटना किती भयंकर, यावर सगळं ठरत नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या वणव्याने दाखवलं. 16 फेब्रुवारी 1983 च्या प्रचंड वणव्यांनंतर मानसोपचारतज्ज्ञ अलेक्झांडर मॅकफार्लेन यांनी तिथल्या शाळकरी मुलांचा पाठपुरावा केला. मूल आगीच्या किती जवळ होतं यापेक्षा त्याच्या आईने त्या प्रसंगाला कसा प्रतिसाद दिला, यावरून मुलातल्या लक्षणांचा अंदाज अधिक चांगला बांधता येत होता. हे वाचून आयांना दोष देण्याचा मोह होतो. तो वाचणाऱ्याने आवरावा. घर जळालेल्या बाईला ‘मुलासमोर शांत राहा’ असं सांगणं फुकटचं आहे. तिला छत, पैसा आणि तिची झोप परत मिळाली, तर मुलाला त्याचा उपयोग होईल.

कारण आपत्ती एका दिवसात संपत नाही. पुढे तंबू, निवारा शिबिरं, नातेवाईकांच्या घरातला कोपरा, नवी शाळा. शिबिरात रात्रभर दिवे असतात, पंचवीस माणसांचे खोकले असतात, खोलीला दार नसतं. ज्या काळात मुलाच्या मेंदूला सलग झोपेची सर्वांत जास्त गरज, त्याच काळात ती त्याला मिळत नाही. मदत मोजताना आपण पाण्याचे टँकर मोजतो, ब्लँकेटं मोजतो. मुलांना अंधार आणि शांतता किती तास मिळाली, हे मोजलेलं माझ्या तरी वाचनात आलेलं नाही.

झोप हे नुसतं लक्षण नव्हे

फार काळ वैद्यकाचा समज असा होता की झोपेचा त्रास हे मूळ दुखण्याचं लक्षण. मूळ बरं करा, झोप आपोआप येईल. पीटीएसडीच्या निकषांत भयाण स्वप्नं आणि मोडलेली झोप दोन्ही लिहिलेली आहेत, त्यामुळे तसं वाटणं साहजिक. पण दोन गोष्टींनी हा समज हलला. एक, आघातावरचे उपचार पूर्ण होऊन बाकीची लक्षणं ओसरल्यावरही निद्रानाश अनेकांत मागे उरतो. आणि दुसरं, नैराश्य नसलेल्या पण निद्रानाश असलेल्या माणसाला पुढे नैराश्य येण्याचा धोका चांगली झोप असणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो, असं पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं. म्हणजे झोप काही वेळा मागून येत नाही, पुढे चालते. लहानपणी सुरू झालेला पहारा तिशी-चाळिशीतल्या उदासीपर्यंत पोचतो, त्या वाटेतला एक मोठा टप्पा मोडलेली झोप हा असतो. चांगली बाजू अशी, की गेलेलं बालपण दुरुस्त करता येत नाही, झोप दुरुस्त करता येते.

आघातावर बोलण्याचे उपचार आहेत आणि ते मुलांतही चालतात. आर्मेनियात 7 डिसेंबर 1988 ला सकाळी 11 वाजून 41 मिनिटांनी, शाळा भरलेल्या असताना भूकंप झाला. सुमारे 25 हजार माणसं गेली. दीड वर्षाने काही शाळांतल्या मुलांना आघात आणि दुःख या दोन्हींवर नेमके उपचार दिले गेले. पुढे तपासलं तेव्हा त्यांची आघाताची लक्षणं कमी झाली होती. उपचार न मिळालेल्या मुलांची वाढली होती, आणि त्यांचं नैराश्यही. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल करून बसवून एकदाच सविस्तर बोलतं करायचं, ही पद्धत मात्र आता सहसा सुचवली जात नाही. सुरुवातीला लागतो तो आसरा, आपली माणसं, खरी माहिती आणि झोपण्याची ठरलेली वेळ. आणि टीव्हीवरची तीच ती दृश्यं बंद. लहान मुलाला प्रत्येक वेळी ते नव्याने घडतंय असंच वाटतं.

झोपेसाठी वेगळे उपचार आहेत. निद्रानाशावर मुख्य भर गोळीवर नाही, सवयींवर आणि विचारांवर काम करणाऱ्या उपचारांवर असतो: अंथरूण फक्त झोपेसाठी, झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसायचं, उठायची वेळ रोज एक, आणि सुरुवातीचे काही आठवडे अंथरुणात काढायचा वेळ मुद्दाम कमी. कंटाळवाणं वाटतं, पण काम करतं. त्यातला शेवटचा भाग तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा. पीटीएसडीत बेंझोडायझेपिन जातीच्या झोपेच्या गोळ्यांचा सल्ला दिला जात नाही. भयाण स्वप्नांवर प्राझोसिन नावाचं रक्तदाबाचं औषध पूर्वी फार आशेने दिलं जाई. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत ते औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. काहींना उपयोग होतो असं डॉक्टर अजूनही सांगतात. आणि घोरण्याबद्दल जरूर विचारावं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार या लोकांत बरेचदा सापडतो, आणि त्याचं दचकणं भीतीच्या खात्यात मांडलं जातं.

मला सर्वांत आवडलेला उपाय ऐकायला पोरकट वाटेल असा आहे. वारंवार पडणारं स्वप्न दिवसाउजेडी कागदावर लिहायचं. मग त्यात हवा तो बदल करायचा, कितीही अतर्क्य. ती नवी गोष्ट रोज दहा-वीस मिनिटं, डोळे मिटून, मनात बघायची. झोपेच्या विकारांचे डॉक्टर बॅरी क्रॅको यांनी ही पद्धत तपासली आणि स्वप्नांची संख्या कमी होताना दिसली. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नाने करायची नाही, जरा सौम्य निवडायचं, एवढं पथ्य.

आपल्या चाळिशीच्या बाईचं स्वप्न जिन्याचं आहे, समजा. पायऱ्या संपतच नाहीत. तिने लिहून काढलं, की सातव्या पायरीवर जिना संपतो आणि पुढे मोकळं मैदान लागतं. पहाऱ्याचं सामान मात्र एकदम काढत नाहीत, एकेक करत काढतात. आधी टॉर्च उशीखालून टेबलावर गेला. चपला बाहेरच्या खोलीत ठेवल्या त्या रात्री ती तीनदा उठून त्या जागच्या जागी आहेत का पाहून आली. दुसऱ्या आठवड्यात दोनदा. चौथ्या आठवड्यात एका पहाटे ट्रक गेला, काच थरथरली, तिने डोळे उघडले, घड्याळात 3 वाजून 20 मिनिटं झाली होती. ती उठून बसली नाही. दाराकडे पाहिलं आणि कूस बदलली.